उत्तर शेवटच्या पानावर नसतं तेव्हा...

फर्स्ट इयरचं फिजिक्सचं प्रॅक्टिकल आठवतंय? साधा लंबक. दोऱ्याला गोळा बांधायचा, तो झुलवायचा, स्टॉपवॉच घेऊन वीस आंदोलनं मोजायची आणि सूत्रात किमती टाकून गुरुत्वत्वरण काढायचं, म्हणजे आपला 'जी'. उत्तर सगळ्यांना आधीच माहीत. ९८०! पुस्तकात आहे, सीनियरच्या जर्नलमध्ये आहे, लॅबच्या भिंतीवरच्या तक्त्यातही आहे.

आमच्या बॅचचं उत्तर आलं ९६४. मी आपला पुन्हा रीडिंग घ्यायला निघालो, तर शेजारचा म्हणाला, "अबे, रीडिंग कायले घेत बसला? उत्तर ९८० आणायचं आहे ना? मंग मागून ये!" मागून येणं म्हणजे काय ते हॉस्टेलमधल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नाही. आधी उत्तर लिहायचं, मग त्यातून वेळ काढायची, आणि खरं वाटावं म्हणून शेवटच्या आकड्यात थोडी इकडेतिकडे गडबड करायची. आम्ही तेच केलं. सही मिळाली आणि जर्नल पूर्ण झालं.

पुढे दोन वर्षांनी कळलं की आपण ज्या ९८० साठी खाडाखोड केली, तो आकडा आपल्या जिल्ह्याचा नाहीच! ९८०.६६५ ही जगानं सोयीसाठी ठरवलेली प्रमाण किंमत आहे, साधारण ४५ अंश अक्षांशाच्या जवळची. पृथ्वी विषुववृत्ताशी थोडी फुगलेली आहे आणि फिरतेही आहे, म्हणून विषुववृत्ताकडे येताना 'जी' कमी होत जातो. बुलडाणा जिल्हा साधारण साडेवीस अंशांवर. इथं ही किंमत ९७८.५ च्या आसपास येते. म्हणजे आम्ही कॉपी केली, आणि तीही चुकीच्या उत्तराची!

आता कुणी म्हणेल, आपल्या लॅबच्या लंबकानं एवढा बारीक फरक थोडाच कळणार? अगदी बरोबर, नाही कळणार. एक मीटर लांबीच्या लंबकाला वीस आंदोलनांना सुमारे चाळीस सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदांची चूक झाली तरी उत्तर दहानं मागेपुढे होतं. पण मग प्रामाणिक उत्तर काय झालं असतं? "आमचं उत्तर ९६४ आलं, त्यात निदान दहाची चूक असू शकते, आणि उरलेला फरक का आला ते आम्ही शोधतोय." हे वाक्य मी आजपर्यंत एकाही जर्नलमध्ये वाचलेलं नाही. आणि माझ्या मते संशोधन म्हणजे काय ते नेमकं याच वाक्यात आहे. हा लेख त्याच्याबद्दलच.

रिसर्च म्हणजे नक्की काय रे भाऊ?

हा प्रश्न मी आमच्या विंगमध्ये आणि माझ्या गावाकडच्या बी.एस्सी. करणाऱ्या मित्रांना सहज विचारून पाहिला. (सर्व्हे वगैरे काही नाही हं, चहाच्या टपरीवरच्या गप्पा!) उत्तरं साधारण सारखीच आली. संशोधन म्हणजे पांढरा कोट. संशोधन म्हणजे कोट्यवधींचं मशीन. संशोधन म्हणजे पीएच.डी.वाल्यांचं काम, आपल्याला आधी डिग्री काढू द्या. आणि सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर: संशोधन म्हणजे जे जगात कुणालाच माहीत नाही ते शोधून काढणं, म्हणजे ते हुशार लोकांनी करायचं.

या सगळ्यावर मला एकच माणूस आठवतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकत असतानाच त्यांना १९२७ साली गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढे पीएच.डी. नाही, परदेश नाही. नाशिकजवळ देवळालीला आयुष्यभर शाळामास्तर होते. साहित्य काय तर कागद आणि पेन्सिल. पण त्यांच्या नावाची संख्या आज जगभर ओळखली जाते: ६१७४.

एखादी चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमानं लावले की ५४३२, चढत्या क्रमानं लावले की २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच करा: ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आता ६१७४ घेऊन करा, पुन्हा ६१७४ च येईल! कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथेच येऊन थांबता. कापरेकरांनी ही गोष्ट १९४९ साली मांडली. आपल्याकडे बऱ्याच जणांनी ती फार मनावर घेतली नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा कापरेकर जगाला माहीत झाले.

आज रात्री मेसमधून आल्यावर हेच दोन अंकी, तीन अंकी आणि पाच अंकी संख्यांवर करून बघा. तीन अंकीला एक ठरावीक संख्या मिळते. दोन अंकीला मात्र वेगळीच गंमत होते. ती मी सांगणार नाही. कारण ते शोधताना तुम्हाला जे वाटेल (आधी कंटाळा, मग "थांब, हे तर पुन्हा आलं!", मग "का बरं?"), तोच संशोधनाचा अनुभव. मशीन नंतर येतं. आधी 'का बरं' येतं.

आपल्याच जिल्ह्यातला धडा

आपल्या जिल्ह्यातलं लोणार तर सगळ्यांना माहीत. आपल्यापैकी बरेच जण सहलीला जाऊन आलेत, दैत्यसूदनाचं मंदिर पाहिलं, धारेवर पाय धुतले, काठावर उभं राहून फोटो काढले. पण लोणार हे 'उत्तर आधी माहीत नसणं' याचं किती मोठं उदाहरण आहे हे मला तरी फार उशिरा कळलं.

सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल असा हा गोल खड्डा कसा झाला? गावाचं जुनं उत्तर लवणासुराच्या कथेत आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली. पुढे शंभर-दीडशे वर्षं बहुतेक भूशास्त्रज्ञांचं मत होतं की हा ज्वालामुखीचा प्रकार असावा. आणि तसं वाटणं साहजिकही होतं! सगळा दख्खनचा पठारच लाव्हारसाचा, काळा बेसाल्ट. त्यात एक गोल खड्डा दिसला तर माणूस दुसरं काय म्हणणार?

मग काही लोकांनी सरोवराच्या तळाशी ड्रिलिंग करून खालचे दगड वर काढले. त्यात त्यांना मॅस्केलिनाइट सापडलं. बेसाल्टमध्ये फेल्डस्पार नावाचं खनिज असतं. त्याला प्रचंड वेगाचा धक्का बसला तर ते न वितळताच काचेसारखं होतं, त्याला म्हणायचं मॅस्केलिनाइट. असा धक्का साध्या ज्वालामुखीतून बसत नाही, अवकाशातून येऊन आदळणाऱ्या दगडानं बसतो. १९७३ साली फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी 'सायन्स' या नियतकालिकात हे मांडलं, आणि लोणार हे बेसाल्टमधलं आघाती विवर आहे यावर शिक्कामोर्तब झालं.

झालं? नाही! किती वर्षांपूर्वी आदळला? १९९७ मध्ये तापदीप्ती पद्धतीनं (खनिज तापवलं की साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते, त्यावरून वय काढतात) उत्तर आलं, सुमारे ५२ हजार वर्षं. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात बहुतेक हाच आकडा असतो. पण २०११ साली आर्गॉन पद्धतीनं केलेल्या कामात उत्तर आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दहापटीपेक्षा जास्त फरक! आपल्या प्रॅक्टिकलमध्ये दहापट फरक आला असता तर आपण जर्नलचं पान फाडलं असतं. इथं दोन्ही पानं तशीच ठेवली आहेत. कुणी कोणती खनिजं वापरली, कोणत्या पद्धतीत काय गृहीत धरलं, हे सगळं उघड लिहिलेलं आहे, म्हणून पुढच्या माणसाला वाद घालता येतो.

आणि जून २०२० आठवतो ना? लॉकडाऊनच्या काळात लोणारचं पाणी गुलाबी झालं. टीव्हीवर, मोबाइलवर अंदाजांचा पाऊस पडला. अनेकांना वाटलं हे एका प्रकारच्या शैवालाचं काम. नमुने तपासायला गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं सांगितलं की हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा आहे. प्रयोगशाळेत ते पाणी काही दिवस तसंच ठेवलं तर सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. किती साधी गोष्ट! बाटली ठेवून द्यायची आणि पाहायचं. पण ज्याला उत्तर आधीच माहीत आहे असं वाटतं, तो बाटली ठेवून पाहत बसत नाही.

आमची टँकरची गोष्ट

आता स्वतःचं सांगतो, कारण हे सगळं मला पुस्तकातून कळलेलं नाही. मार खाऊन कळलं.

सेकंड इयरला असताना, मार्च महिन्यात, हॉस्टेलला पाणी कमी पडलं आणि टँकर सुरू झाला. सकाळी एक खेप, दुपारी एक खेप. हे वापरायचं पाणी, प्यायचं वेगळं. पण दुपारच्या पाण्यानं साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात अशी कुरकुर सुरू झाली. आपल्या भागाला खारपाणपट्टा नवीन नाही. पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीला खारं पाणी लागणं ही जुनीच गोष्ट. आम्ही तिघा रूम पार्टनर्सनी काँट्री काढून एक स्वस्तातलं टीडीएस मीटर आणलं. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं, पेनाएवढं यंत्र. कॉलेजच्या पोस्टर स्पर्धेसाठी प्रोजेक्ट पण होईल असा हिशेब!

दोन आठवडे रोज रीडिंग घेतलं. सकाळच्या टँकरचं पाणी ११०० च्या आसपास. दुपारचं १३०० च्या वर, एकदा तर १३४०. एकही दिवस अपवाद नाही. आमचा निष्कर्ष तयार झाला: दुपारी टँकरवाला लांबच्या चांगल्या विहिरीवर जात नाही, डिझेल वाचवायला जवळच्या खाऱ्या विहिरीतून भरतो. पोस्टरवर मोठ्या अक्षरात तसं लिहिलंसुद्धा. एवढ्यावर थांबलो नाही. रेक्टर सरांना द्यायला अर्ज केला, टँकर बंद करून दुसऱ्याला काम द्यावं म्हणून, आणि विंगमध्ये फिरून सह्या घेतल्या. सोमवारी अर्ज द्यायचा होता. टँकरवाल्या काकांना कुठून तरी कळलं. ते एवढंच म्हणाले, "पाणी मी एकाच इहिरीवरून आणतो, बाप्पा. सकायी बी तेच, दुपारी बी तेच." आम्ही मनात म्हटलं, चोर कधी मान्य करतो का!

शनिवारी माझा एक गावाकडचा मित्र मुक्कामाला आला. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करत होता. आम्ही त्याला अभिमानानं पोस्टर दाखवलं. तो बराच वेळ आकडे पाहत बसला आणि म्हणाला, "काहून बे, गार पाणी अन् गरम पाणी एकाच मीटरनं मोजलं का तुमी? तापमान लिहिलंच नाही कुठं."

मला तेव्हा त्याचा रागच आला. पण तो म्हणत होता ते खरं होतं. हे मीटर क्षार मोजत नाही. ते पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतं. पाणी गरम झालं की त्यातले आयन चपळ होतात, वीज सहज जाते. एका अंशाला साधारण दोन टक्के. सकाळी पाणी बावीस अंशांचं, दुपारी उन्हात उभ्या टँकरमधलं तेहतीस अंशांचं. अकरा अंश म्हणजे बावीस टक्के. ११०० चे १३४०. आमचा 'शोध' इथेच संपत होता!

तरी खात्री करायला दोन बाटल्या घेतल्या, एक सकाळच्या टँकरची, एक दुपारची. रात्रभर दोन्ही एकाच बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवल्या. रविवारी सकाळी मोजलं. एक ११७०, दुसरी ११८०. मग कँटीनमधून बर्फ आणून एक बाटली बाहेरून गार केली. रीडिंग आमच्या डोळ्यांसमोर खाली आलं. तिघंही गप्प.

त्या रात्री रूमवर जे भांडण झालं ते मी विसरणार नाही. एक जण म्हणाला, पोस्टरचा खर्च झालाय, सह्या झाल्यात, आता मागे फिरलो तर सगळे हसतील. कुणाला काय कळतंय? तापमानाचा उल्लेखच करू नका. आणि खरं सांगतो, पाच मिनिटं मलाही ते पटलं होतं. लंबकाच्या वेळेस हेच तर केलं होतं! फरक एवढाच की तिथं फक्त ९८० चा प्रश्न होता. इथं एका माणसाचं काम जाणार होतं.

अर्ज फाडला. काकांची माफी मागितली, ते नुसतं हसले. पोस्टरचं शीर्षक बदलून लिहिलं: 'टीडीएस मीटर वापरताना आमच्याकडून झालेली चूक'. परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही शोधलं काय?" आम्हाला नीट सांगता आलं नाही. बक्षीस मिळालं नाही. आज विचारलं तर सांगेन: पाणी दोन्ही वेळेस सारखंच आहे हे शोधलं. आणि ते ११७० च्या आसपास आहे, म्हणजे भारतीय मानकांनी पिण्यासाठी सांगितलेल्या ५०० च्या वर, पण दुसरी सोय नसेल तर चालणाऱ्या २००० च्या आत, हेही. आणि साबणाला फेस कमी का येतो हा प्रश्न अजून शिल्लक आहे, कारण त्यासाठी टीडीएस नाही, कठीणपणा मोजायला हवा होता. तो आम्ही मोजलाच नव्हता!

पहिला संशय

ही गोष्ट मी हसण्यावारी नेत होतो. पण २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांची बातमी देशभर गेली तेव्हा हसू थांबलं. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, काही दिवसांत टक्कल. पहिला संशय कशावर? पाण्यावर! कुणी म्हटलं शाम्पू, कुणी म्हटलं बुरशी. नमुने घेतले गेले, आयसीएमआरची पथकं आली. फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यांच्या तपासणीतून सांगितलं की रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम खूप जास्त आहे, जस्त कमी आहे, आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. म्हणजे ज्या पाण्यावर सगळ्यांनी बोट ठेवलं होतं, त्याच्या बाजूलाच ताटात पोळी होती.

हे तेच बावस्कर ज्यांनी महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून, रात्रभर नाडी आणि रक्तदाब टिपून काम सुरू केलं. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि कितीतरी जीव वाचले. त्यांच्याकडेही मोठं मशीन नव्हतं. नीट लिहिलेल्या नोंदी होत्या.

आता विचार करा, त्या नोंदी कुणी 'मागून येऊन' लिहिल्या असत्या तर?

ज्यांनी करून पाहिलं ते काय म्हणतात

पदवीच्या मुलांनी संशोधन करावं ही कल्पना तशी फार जुनी नाही. अमेरिकेत एमआयटीनं १९६९ साली मार्गारेट मॅकव्हिकर यांच्या पुढाकारानं पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या खऱ्या संशोधनात घेणारा कार्यक्रम सुरू केला. पुढे तिकडच्या चार कॉलेजांत उन्हाळ्यात संशोधन केलेल्या ७६ विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन इलेन सीमूर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या बोलण्यातले दहापैकी नऊ मुद्दे फायद्याचे होते. पण फायदा कोणता? 'नवा शोध लावला' हा नव्हे. आत्मविश्वास वाढला, शास्त्रज्ञासारखा विचार करायला लागलो, कुणीतरी आपल्याला सहकारी म्हणून वागवलं, अशा गोष्टी. स्वतःचा प्रश्न स्वतः मांडायला शिकलो असं सांगणारे मात्र कमी होते. ते सगळ्यात अवघड आहे, तिकडेही!

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. संशोधनात कंटाळा फार असतो. एकच रीडिंग चाळीस वेळा. यंत्र बंद पडणं. आठवडाभराचं काम एका धुतलेल्या न धुतलेल्या बाटलीमुळे वाया जाणं. हे करून "आपलं हे काम नाही" असं ज्याला कळलं, त्याचाही फायदाच झाला. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा एका सुट्टीत कळलेलं बरं.

मग सुरुवात कुठून करायची?

आपल्याकडेही दारं आहेत, फक्त आपण नोटीस बोर्ड वाचत नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं २००४ मध्ये बी.एस्सी.च्या मुलांसाठी 'नियस' हा उपक्रम सुरू केला. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, त्यात आपण इंजिनिअरिंगवालेही अर्ज करू शकतो. पुण्याच्या आयुकामध्ये सुट्टीतल्या विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम असतो. राज्यातल्या विद्यापीठांची 'आविष्कार' स्पर्धा आहेच. २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीत शेवटच्या वर्षी संशोधनाचा पर्यायही आला आहे. म्हणजे यापुढे कितीतरी बी.एस्सी.च्या मुलांपुढे प्रोजेक्ट येणार. आणि तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानंही वाढणार! बांधणीसकट, सीडीसकट नाही तर पेनड्राइव्हसकट. घेणाऱ्याला डिग्री मिळेलही, पण बादलीत दोन बाटल्या ठेवायची ती रात्र त्याला कधीच मिळणार नाही.

पण यातलं काहीही मिळालं नाही तरी चालेल. आमच्या फजितीतून आम्ही जे शिकलो ते एवढंच:

एक, वही बांधलेली घ्यायची आणि पेनानंच लिहायचं. चुकलं तर एक रेघ मारायची, खोडायचं नाही. चुकीचा आकडाच पुढे कामाला येतो.

दोन, तारीख, वेळ, तापमान, कोण मोजत होतं, हे सगळं लिहायचं. बिनकामाचं वाटलं तरी. आमचं सगळं उत्तर त्या न लिहिलेल्या रकान्यातच होतं.

तीन, निष्कर्ष काढायच्या आधी आपलंच म्हणणं खोटं पाडायचा एक प्रयोग करायचा. बादली आणि बर्फ पुरतात.

चार, आपलं काम दुसऱ्या शाखेच्या माणसाला दाखवायचं. राग आला तरी दाखवायचं.

पाच, लोणारला गेलात तर दगड उचलून आणू नका. ते अभयारण्य आहे, नमुने घ्यायला परवानगी लागते. काठावर बसून पाहायला आणि टिपायला मात्र कुणाचीच ना नाही.

आणि सर-मॅडमना एक नम्र विनंती. आमचं उत्तर ९६४ आलं तर एकदा तरी विचारा, "का आलं असेल रे?" सही त्यानंतर करा. आम्ही मागून येतो ते काही हौस म्हणून नाही. पुढून गेलो तर मार्क कापले जातील अशी भीती असते म्हणून. ती भीती तुम्हीच घालवू शकता.

मागच्या महिन्यात मी फिजिक्स लॅबमध्ये गेलो होतो, ज्युनियरला सोडायला. तोच लंबक, तोच दोरा. सहज वीस आंदोलनं मोजली, तीन वेळा. उत्तर आलं ९७१. या वेळेस दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली होती. फर्स्ट इयरला बहुतेक गोळ्याच्या वरपर्यंतच मोजली असणार. तेव्हाचं रफ पान मी फेकून दिलंय, त्यामुळे आता ते कधीच कळणार नाही.

तुमचं पान फेकू नका.